लेक कारखान्यात जाते तेव्हा

मैत्रिणींनो, एप्रिल लागला की आपली कामं ठरलेली असतात. कुरडयांचा चीक, पापडांच्या लाट्या, तिखट-हळदीची दळणं, कैऱ्या बाजारात आल्या की लोणचं. ज्यांच्या घरात इंजिनियरिंगला जाणारं मूल आहे त्यांच्या यादीत हल्ली आणखी एक काम वाढलं आहे. मुलाला सुट्टीत कुठंतरी कामाला चिकटवायचं. त्याला म्हणायचं इंटर्नशिप. हा शब्द तुमच्या घरी अजून शिरला नसेल तर लवकरच शिरेल, बरं का! कारण आता ती हौस राहिलेली नाही. एआयसीटीईनं, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं, २०१८ साली नवा नमुना अभ्यासक्रम काढला आणि त्यात सुट्टीतल्या कामाला जागा दिली. परिषदेच्या धोरणात चार वर्षांत मिळून ६०० ते ७०० तास सांगितले आहेत. दिवसाचे आठ तास धरा, म्हणजे पंचाहत्तर ते सत्त्याऐंशी दिवस. तीन उन्हाळ्यांची सुट्टी त्यात सहज जाते.

आधी एक घोटाळा दूर करते, कारण आमच्या भिशीतसुद्धा तो रोज होतो. अप्रेंटिस वेगळा आणि इंटर्न वेगळा. अप्रेंटिसशिपला १९६१ चा कायदा आहे. आयटीआयची मुलं त्यात पहिल्यापासून होती, १९७३ साली पदवी-पदविकावाल्या इंजिनियरांनाही त्यात घेतलं. शिक्षण संपल्यावर वर्षभर कारखान्यात शिकायचं, आणि विद्यावेतन कायद्यानं मिळतं. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये ठरले होते. सुट्टीतल्या इंटर्नला असं कुणी बांधील नाही. कुणी पाच हजार देतं, कुणी फक्त चहा देतं, आणि काही ठिकाणी उलट पोरांकडूनच पैसे घेतात. या शेवटच्या प्रकाराबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

आम्ही सिडकोत राहतो. अंबडची औद्योगिक वसाहत घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. आमचे हे अंबडच्याच एका कंपनीत टूलरूममध्ये आहेत, तेव्हा कारखाना हा आमच्या घरात जेवणाखाणाइतकाच नेहमीचा विषय. लेक मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. मागच्या वर्षी फेब्रुवारीत ती एक रंगीत पत्रक घेऊन आली. सहा आठवडे युरोपात ‘आंतरराष्ट्रीय प्रकल्प’, शेवटी प्रमाणपत्र. फी एक लाख पंच्याऐंशी हजार, विमानाचं तिकीट वेगळं. तिच्या वर्गातल्या तिघींनी नावं दिली होती.

मी आणि लेक त्या ऑफिसात गेलो. गार हवा, काचेचं टेबल, समोर सुटातला मुलगा. मी आपलं साधंच विचारलं, काम काय करायचं? तो म्हणाला, "मॅडम, एक्स्पोजर मिळतं." कुठल्या कारखान्यात? "ते तिथं गेल्यावर ठरतं." व्हिसा कुठला? इथं मात्र तो अडखळला, आणि मग म्हणाला, टुरिस्ट. आता मी काही वकील नाही. पण युरोपात पर्यटकाच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, एवढं ह्यांच्या कंपनीतून जर्मनीला जाऊन आलेल्या माणसांकडून मला माहीत होतं. म्हणजे या पोरी तिथं काम करणार नव्हत्याच. काम बघणार होत्या. बसमधून उतरून कारखाना बघायचा, फोटो काढायचे आणि परत बसमध्ये चढायचं. सहल म्हणून ती वाईट नसेल, पण सहलीला सहल म्हणावं.

घरी आल्यावर काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. सासूबाईंनी लगेच सांगून टाकलं, लग्नासाठी ठेवलेली एफडी मोडा, पण पोरीला जाऊ द्या. "स्थळं येतात तेव्हा सांगता तरी येईल, परदेशात जाऊन आली म्हणून." त्या चुकीचं बोलत नव्हत्या हो. सांगता आलं असतंच. शेजारच्या वहिनींनी तर थंडीचे कोट कुठं स्वस्त मिळतात तेही सांगून ठेवलं.

मग ह्यांनी आणि लेकीनं मिळून खऱ्या योजनांची माहिती काढली. एक गोष्ट ठळकपणे दिसली. ज्या योजना खरोखर शिकवतात त्या विद्यार्थ्याकडून फी घेत नाहीत, उलट त्याला पैसे देतात. आयएस्ट नावाची संघटना आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपचा चुराडा झाल्यावर, जानेवारी १९४८ मध्ये, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात ती सुरू झाली. तिची रीत अगदी आपल्या घरच्यासारखी आहे. तुमचं मूल आमच्याकडे सुट्टीत कामाला येऊ दे, आमचं तुमच्याकडे येईल. प्रवासखर्च ज्याचा त्यानं करायचा, तिथला राहण्याखाण्यापुरता पैसा काम देणारा देतो. जर्मनीची डाड म्हणून संस्था आहे, तिच्या ‘वाईज’ योजनेत आपल्याकडच्या निवडक संस्थांतली मुलं उन्हाळ्यात दोन-तीन महिने जर्मन विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत काम करत आली आहेत, दरमहा विद्यावेतन घेऊन. कॅनडाची माइटॅक्स ग्लोबलिंक २००९ साली निघाली, तीही बारा आठवड्यांची. या योजनांना जागा थोड्या, गुण लागतात, प्राध्यापकाचं पत्र लागतं, आणि मुलाला काय शिकायचं आहे ते त्याला स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. तिथं एफडी मोडून भागत नाही.

आमच्या लेकीचं त्या वर्षी यातलं काहीच जमणार नव्हतं, मुदती उलटून गेल्या होत्या. ती दोन दिवस गप्प होती. मग ह्यांनी सुचवलं, अंबडमध्ये एक ओळखीचा गाळा आहे, तिथं विचारतो. आणि मैत्रिणींनो, इथं आमच्या घरात खरा गोंधळ झाला!

युरोपला सहा आठवडे एकटी पाठवायला तयार झालेलं घर पोरीला अंबडच्या गाळ्यात पाठवायला तयार होईना. सासूबाई म्हणाल्या, "पुरुषांच्यात? तेलाच्या कपड्यांत?" आत्याबाईंचा फोन आला. शेजारच्या वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलला. मीही रात्रभर विचार करत होते, आणि मला वाटतं तुम्हीही केला असता. हजारो मैलांवरचा कारखाना आपल्या डोळ्यांपुढे येतच नाही, म्हणून त्याची भीती वाटत नाही. गरवारे पॉइंटच्या पुढचा कारखाना आपण रोज बघतो. दुपारच्या पाळीची माणसं, ट्रक, धूळ, टपऱ्या. तिथं आपली पोर उभी आहे हे चित्र डोळ्यांपुढे येतं आणि पोटात गोळा येतो.

खरं तर परदेश आणि कारखाना या दोन गोष्टी मराठी घरांना नव्या नाहीत. पुण्याचे केशव मल्हार भट १८८२ साली बोस्टनच्या एमआयटीत शिकायला गेले होते. शंतनुराव किर्लोस्कर तिथूनच १९२६ साली इंजिनियर होऊन परतले, आणि परतले कुठं, तर किर्लोस्करवाडीला, नांगराच्या कारखान्यात. आपल्या आयांनी-आज्यांनी वाचलेलं ‘स्त्री’ मासिक १९३० साली त्याच वाडीतून निघालं, हे पुष्कळजणींना माहीत नसतं. मात्र त्या काळी कारखान्यात जायचा मुलगा, आणि मासिक वाचायची मुलगी. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं, आणि सुधा कुलकर्णींनी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्तींनी, त्यावर थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकून पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली, ही गोष्ट आपण सगळ्याजणी कौतुकानं सांगतो. पण त्यांच्या आईला पहिल्या दिवशी काय वाटलं असेल, याचा विचार मी तोवर केला नव्हता.

मी ठरवलं, आधी स्वतः जाऊन बघायचं. ह्यांच्याबरोबर गेले. पत्र्याचं छप्पर, तीस-एक माणसं, लेथच्या दोन रांगा आणि कोपऱ्यात संगणकावर चालणारी तीन मोठी यंत्रं. शेठ चाळिशीचे, स्वतःच्या हाताला तेल लागलेले. मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो बाथरूमचा. ते लाजले. बायकांसाठी स्वच्छतागृहाची वेगळी सोय हवी असं १९४८ च्या कारखाने कायद्यातच लिहिलं होतं, पण तिथं तोवर एकही बाई कामाला नव्हती, तेव्हा कुणी लक्ष दिलेलं नव्हतं. ऑफिसच्या मागं एक बाथरूम होतं, त्यात रंगाचे डबे भरलेले. "आठ दिवस द्या वहिनी," म्हणाले. आठव्या दिवशी डबे बाहेर आणि आतून नवी कडी. दुसरा प्रश्न, शिकवणार कोण? त्यांनी साठीच्या एका टर्नरकडे बोट दाखवलं. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही, चालू जॉबकडेच बघत राहिले. ते मला आवडलं. वेळ विचारली, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी पाच. विद्यावेतन महिना चार हजार. कॉलेजचं पत्र घेतलं, विद्यार्थ्यांचा अपघात विमा आहे की नाही ते कॉलेजात जाऊन विचारलं, आणि एक मे उलटल्यावर लेक कामाला लागली.

आता तुमच्या कामाच्या चार गोष्टी, कारण या कुठल्याच पत्रकात छापलेल्या नसतात. ओढणी नको. सैल बाह्या नकोत. बांगड्या, अंगठी, गळ्यातली साखळी, सगळं घरी. वेणी वर बांधून टोपीत. फिरतं यंत्र एवढासा धागासुद्धा सोडत नाही, आणि तो धागा हाताला किंवा मानेला जोडलेला असतो. त्याच कारणानं लेथवर हातमोजेही घालायचे नसतात. आपल्याला वाटतं हात वाचतील, पण मोजा अडकला की हात ओढला जातो. धातूचे कातरे, म्हणजे सोलून निघालेल्या वळ्या, हातानं काढायच्या नाहीत, आकडीनं काढायच्या. हातांचं ग्रीस साबणानं निघत नाही. आधी चमचाभर गोडंतेल आणि साखर चोळायची, मग बेसन, मग साबण. कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नका. आणि बुटांचं बघा! लोखंडी टोपीचे सेफ्टी शू बायकांच्या चार नंबरात सहज मिळत नाहीत. आम्हांला तीन दुकानं फिरावी लागली आणि शेवटी मागवून घ्यावे लागले.

पहिला आठवडा तिनं फक्त झाडलं, पुसलं आणि मापं घेतली. व्हर्नियर, मायक्रोमीटर, पुन्हा व्हर्नियर. घरी येऊन चिडायची. "हे तर फर्स्ट इयरला झालं." ह्यांनी काही उत्तर दिलं नाही, नुसते हसले.

दुसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. गंमत म्हणते, पण शेठच्या दृष्टीनं ते दुखणंच होतं. तो गाळा एका मोठ्या कंपनीला पोलादी रिंगा पुरवतो. दुपारच्या मालातल्या बऱ्याच रिंगा कंपनीतून परत येत. बाहेरचा व्यास कमी भरला, हे कारण. इथं मोजताना बरोबर, तिथं मोजताना कमी. व्यास कमी भरलेला जॉब म्हणजे भंगार, जास्त असता तर कातून घेता आला असता. लेकीनं अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, "गरम जॉब खोटं बोलतो, बाळ. गार होऊ द्यावा. पण सुपरवायझरला घाई असते."

घरी ती मला हे समजावायला बसली. मी रव्याच्या लाडवांचा पाक करत होते. मला ते लगेच पटलं हो! पाक कढईत असताना एकतारी वाटतो आणि गार झाल्यावर दगड होतो, हे काय मला शिकवायला हवं? पोलादाचं तसंच. तापलं की फुगतं. शंभर मिलिमीटर व्यासाची रिंग पंधरा अंशांनी तापली, तर सतरा मायक्रॉननं फुगते. म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पाव भागानं. आणि त्या जॉबला सूट होती तीसुद्धा तेवढीशीच. जगभर मापं वीस अंश तापमानाला धरतात. मोठ्या कंपनीची तपासणीची खोली वातानुकूलित, आणि अंबडच्या पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी किती असतात ते तुम्हीच सांगा. त्यात जॉब नुकताच यंत्रावरून उतरलेला.

लेकीनं पुढचे बारा दिवस एक वही केली. प्रत्येक तासाला पाच रिंगा, उतरल्या उतरल्या एक माप आणि अर्ध्या तासानं दुसरं. सकाळच्या आणि दुपारच्या आकड्यांतला फरक कागदावर मांडून शेठना दाखवला. शेठ बराच वेळ बघत राहिले. शाबासकी वगैरे काही दिली नाही. दुसऱ्या दिवशी एक लोखंडी टेबल, एक पंखा आणि भिंतीवर एक पाटी आली: गार झाल्याशिवाय माप घेऊ नये. अण्णा वीस वर्षं तोंडानं हेच सांगत होते. वहीत आकडे मांडल्यावर ते ऐकलं गेलं. लेकीला याचं जरा वाईट वाटलं, आणि अहवालात तिनं अण्णांचं नाव पहिलं लिहिलं. कॉलेजातल्या सरांनी विचारलं, हे कोण मार्गदर्शक, पदवी कुठली? तिनं सांगितलं, टर्नर आहेत. सरांनी नाव तसंच राहू दिलं, एवढं मात्र सांगायला हवं.

युरोपला गेलेल्या तिघीजणीही आल्या. फोटो सुंदर आहेत, मी बघितले. त्यातल्या एकीनं लेकीला हळूच विचारलं म्हणे, की अण्णा मलाही घेतील का?

आणि परदेशाचं काम परदेशातच जाऊन करावं लागतं, असंही नाही. आपल्याच नाशिकचे रमेश रासकर अमेरिकेत एमआयटीत प्राध्यापक झाले. २०१५ च्या सिंहस्थाआधी, २०१४ च्या जानेवारीपासून, त्यांच्या पुढाकारानं इथं कुंभथॉन भरायला लागले. एमआयटीची माणसं आणि नाशिकची कॉलेजची मुलं एका टेबलाशी बसली. लाखो माणसं गोदाकाठी आली तर गर्दी मोजायची कशी, हरवलेलं माणूस शोधायचं कसं, आजारी माणसापर्यंत पोचायचं कसं, हे त्यांच्यापुढचे प्रश्न. पायाखालच्या चटईवरून पावलं मोजून गर्दीचा अंदाज घ्यायची युक्ती त्यातूनच पुढे आली. रामकुंड आपण जन्मभर बघतो, तिथं इंजिनियरचं काय काम, असं कुणालाही वाटलं असतं.

लेकीनं यंदा जर्मनीसाठी अर्ज केला आहे. काय शिकायचं आहे ते लिहिताना या वेळी तिला शब्द शोधावे लागले नाहीत. तापमान आणि मापं यांवरच लिहिलं. निकाल अजून यायचा आहे. सासूबाई रोज विचारतात, आणि मध्येच म्हणतात, "नाही झालं तर अंबड आहेच की." त्यांच्या तोंडून हे ऐकायला मला बरं वाटतं.

तुमच्याकडे या वर्षी तिसऱ्या वर्षाचं मूल असेल तर तारखा लक्षात ठेवा. परदेशातल्या योजनांचे अर्ज आदल्या वर्षीच, दिवाळीच्या आगेमागे बंद होतात. फराळाच्या गडबडीत ते राहून जातात. अंबड-सातपूरच्या गाळ्यांत संक्रांतीनंतर विचारायला सुरुवात करा, मार्चअखेरीला कुणालाच बोलायला वेळ नसतो. परदेशी काम देणारा एजंट भेटला, तर कंपनीचं नाव आणि व्हिसाचा प्रकार त्याच्याकडून कागदावर लिहून मागा. आणि परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या कायद्याप्रमाणे सरकारी नोंदणी लागते, तो नंबर विचारा. पुष्कळ संभाषणं तिथंच संपतात. मुलगी असेल तर गाळ्यात स्वतः जा आणि बाथरूम आधी बघा. लाजू नका, शेठच लाजतील. आणि चार नंबरचे बूट हवे असतील तर दुकानदाराला एप्रिलमध्येच सांगून ठेवा, यायला पंधरा दिवस लागतात.